येणारं वर्ष अनिश्चित आहे, मग घराची तयारी कुठून सुरू करायची?

युद्ध, आयातशुल्क, घसरता रुपया, नोकरकपात अशा बातम्यांची लाट आली की बहुतेक घरांत तीनच गोष्टी होतात. सोनं घेतलं जातं, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) बंद केली जाते आणि किराणा दुप्पट भरला जातो. यातली एकही गोष्ट पहिली करायची नसते. जगात काय घडेल हे ठरवणं आपल्या हातात नाही, पण त्याचा घरावर बसणारा फटका तीनच वाटांनी येतो: येणारं उत्पन्न थांबतं, खर्च वाढतो किंवा असलेला पैसा अडकतो. तयारी या तिन्हींची करायची, आणि ती खाली दिलेल्या क्रमानेच. क्रम चुकला की तयारीच अडचण होऊन बसते. हाताशी रोकड नसताना घेतलेलं सोनं पडत्या भावात मोडावं लागतं, ते यातूनच.

## १. आधी एका कागदावर घराचा हिशेब

मागच्या १२ महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास उघडा. एका महिन्यावरून अंदाज बांधू नका, कारण जूनमधली शाळेची फी, दिवाळी, गाडीचा विमा, घरपट्टी आणि गावी आई-वडिलांना पाठवलेले पैसे एका महिन्यात दिसत नाहीत. वर्षातून एकदा येणाऱ्या रकमांना १२ ने भागून महिन्याच्या खर्चात धरा.

मग खर्चाचे तीन गट पाडा: टाळताच न येणारा, कमी करता येणारा आणि उद्यापासून बंद करता येणारा. आपल्याला हवा आहे तो पहिल्या गटाचा आकडा. चार माणसांच्या घराचं एक उदाहरण घ्या: गृहकर्जाचा हप्ता २६,०००, किराणा-भाजी-दूध १४,०००, वीज-गॅस-मोबाइल-सोसायटी ६,०००, शाळा ७,०००, प्रवास ४,०००, विम्याचे हप्ते ३,५००, औषधं ३,०००. एकूण ६३,५०० रुपये. पगार सव्वा लाख असो की ऐंशी हजार, तयारीचं माप हे ६३,५०० आहे.

त्याच कागदावर उत्पन्नाचे स्रोत लिहा आणि प्रत्येकापुढे ते कशावर अवलंबून आहे ते लिहा: अमेरिकी ग्राहक, आखाती देश, निर्यात, सरकारी तिजोरी, स्थानिक बाजार. नवरा-बायको दोघंही पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये एकाच प्रकारच्या कंपन्यांत असतील तर कागदावर पगार दोन दिसतात, पण जोखीम एकच असते.

तपासा: अटळ खर्चाचा आकडा घरातल्या दुसऱ्या कमावत्या किंवा घर चालवणाऱ्या व्यक्तीला दाखवा. तिथे तो हमखास दोन-चार हजारांनी वाढतो. वाढलेला आकडा खरा धरा.

## २. किती महिन्यांचा राखीव निधी?

सरसकट "सहा महिने" हे उत्तर अर्धवट आहे. सरकारी किंवा तशाच पक्क्या नोकरीत ३ ते ४ महिने पुरतात. खासगी नोकरी आणि घरात एकच कमावता असेल तर ६. आयटी, निर्यातीवर चालणारा कारखाना, कंत्राटी काम, परदेशातली नोकरी किंवा स्वतःचा धंदा असेल तर ९ ते १२. वरच्या उदाहरणात सहा महिन्यांचे ३,८१,००० रुपये होतात.

एवढी रक्कम नसेल तर एसआयपी काही महिने कमी करून ती उभी करा. एसआयपी कमी करण्याचं हे एकच योग्य कारण. बाजार पडेल या भीतीपोटी कमी करणं वेगळं, त्याबद्दल पुढे.

## ३. निधी चार थरांत ठेवा

सगळी रक्कम एका एफडीत टाकणं ही नेहमीची चूक. गरज ३० हजारांची असते आणि मोडावी लागते चार लाखांची एफडी. थर असे लावा:

- घरात रोख ८ ते १० हजार, त्यात १०० आणि २०० च्या नोटा जास्त. सर्व्हर बंद पडतो, कार्ड चालत नाही, अशा दोन-तीन दिवसांसाठी.
- बचत खात्यात एक महिन्याचा अटळ खर्च.
- दोन ते तीन महिन्यांचा खर्च ऑटो-स्वीप एफडीत (खात्याला जोडलेली, गरजेपुरती आपोआप मोडणारी) किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड). फंडातून लगेच काढण्याची मर्यादा दिवसाला ५०,००० रुपये किंवा फोलिओतल्या (फंडातल्या तुमच्या खात्यातल्या) रकमेच्या ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ती आहे. बाकी रक्कम साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येते.
- उरलेली रक्कम ५०-५० हजारांच्या वेगवेगळ्या एफडीत, मुदती पुढे-मागे ठेवून.

एफडी मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात. गरज दोन-तीन महिन्यांचीच असेल तर मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून मिळणारी उचल) स्वस्त पडतो का, ते शाखेत विचारून ठेवा.

सावधान: ज्या बँकेचं कर्ज थकण्याची शक्यता आहे, त्याच बँकेत सगळा राखीव निधी ठेवू नका. थकीत हप्त्यापोटी बँक तुमच्या ठेवीतून रक्कम वळती करू शकते, आणि नेमकी तेव्हाच ती तुम्हाला किराण्याला हवी असते.

## ४. पैसा अडकणार नाही, याची व्यवस्था

महाराष्ट्रात या मुद्द्यावर सर्वांत जास्त हलगर्जीपणा होतो, म्हणून इथे थोडं थांबू. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीची मर्यादा खात्यामागे १,००० रुपये होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतून तर आधी पैसे काढणंच बंद झालं. दोन्ही बँका मुंबईतल्या, आणि त्यांचे खातेदार अगदी साधे नोकरदार, निवृत्त लोक आणि गृहनिर्माण सोसायट्या होत्या.

नियम नीट समजून घ्या. डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत मिळतो. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमची खाती एकत्र धरून. त्यामुळे तीन शाखांत तीन एफडी केल्या म्हणजे तीन विमे होत नाहीत. एकट्याच्या नावावरचं खातं आणि जोडीदारासोबतचं संयुक्त खातं मात्र वेगवेगळं धरलं जातं. बँकेवर पूर्ण निर्बंध आल्यास विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे विमा असला तरी तीन महिने हात मोकळे नसतील, हे धरूनच चाला.

करायचं ते असं:

१. सहकारी किंवा लहान बँकेत एका नावावर साडेचार लाखांपेक्षा जास्त ठेवू नका. वरचा अर्धा लाख व्याजासाठी सोडा. दोन-तीन वर्षांची संचयी (व्याज शेवटी एकदम देणारी) एफडी असेल तर आणखी कमी ठेवा.

२. पगार किंवा पेन्शन येणारं खातं आणि राखीव निधी दोन वेगळ्या बँकांत हवा. दोन्हींचं केवायसी चालू, दोन्हींची यूपीआय आणि डेबिट कार्डं चालू. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं ऐन वेळी निष्क्रिय निघतं.

३. पतसंस्थेतल्या ठेवी वेगळ्या काढून पाहा. पतसंस्थेला डीआयसीजीसीचा विमा लागू नाही. पाटीवर "सहकारी" आहे आणि एक-दीड टक्का व्याज जास्त मिळतं, म्हणून अनेक घरांची आयुष्यभराची पुंजी तिथे असते. चेअरमन ओळखीचे आहेत, हे तारण नव्हे. राखीव निधीतला एक रुपयाही तिथे नको.

४. नामांकन तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लग्नाआधीच्या खात्यांवर अजूनही वडिलांचं नाव असतं आणि ते हयात नसतात. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसांची असते. त्यामुळे घरात वाद होण्यासारखं काही असेल तर मृत्युपत्राला पर्याय नाही.

तपासा: उद्या सकाळी तुमची मुख्य बँक बंद झाली, तर दुसऱ्या खात्यातून मोबाइलवर किती रक्कम देता येईल? नवीन फोनवर किंवा नव्याने जोडलेल्या खात्यावर यूपीआयची मर्यादा सुरुवातीला कमी असते. एकदा छोटा व्यवहार करून बघा.

## ५. आरोग्य विमा नोकरीत असतानाच

कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो. नोकरी गेल्यावर, वय पंचेचाळीस, थोडी साखर आणि रक्तदाब असताना पॉलिसी शोधणं महागात पडतं, कधी मिळतही नाही. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण प्रतीक्षाकाळाचं घड्याळ त्या दिवसापासून सुरू होतं. अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा चालत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागू शकतं. सलग ६० महिने पूर्ण झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवर जीएसटी नाही, ही जमेची बाजू.

खर्च आवरायचा असेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाखांच्या वजावटीचा १५-२० लाखांचा सुपर टॉप-अप (वर्षातली बिलं ५ लाखांवर गेल्यावरच लागू होणारी जोड-पॉलिसी) घ्या. थेट २५ लाखांच्या पॉलिसीपेक्षा हे सहसा बरंच स्वस्त पडतं.

चुका बहुतेक दोनच होतात. एक, एजंटच्या सांगण्यावरून रक्तदाबाची गोळी अर्जात न लिहिणं. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा न वाचणं. मर्यादा दिवसाला ५,००० ची असताना ८,००० ची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक तुमचा नसतो. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं शुल्क यांसारखे खर्चही ५/८ प्रमाणातच मंजूर होतात. असे खर्च १,६०,००० असतील तर १,००,००० मिळतात आणि ६०,००० खिशातून जातात.

पॉलिसी बदलायची असेल तर पोर्टिंगचा (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा) अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्या. महाराष्ट्रातल्या रेशनकार्डधारकांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं नाव आणि कार्ड जुळतंय ना, ते आजारी पडण्याआधी बघून ठेवावं. योजना ठरावीक उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालते, त्यामुळे जवळचं रुग्णालय कोणतं तेही लिहून ठेवा.

टर्म इन्शुरन्सबद्दल (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा आयुर्विमा) एकच: कर्ज अधिक दहा-बारा वर्षांचा घरखर्च, एवढं कवच हवं. गुंतवणूक आणि विमा एकत्र देणाऱ्या पॉलिसीत ते कधीच मिळत नाही.

## ६. कर्ज: कोणतं आधी, कोणतं नंतर

क्रम सरळ आहे. क्रेडिट कार्डची थकबाकी आधी, कारण तिच्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. मग ॲपवरून घेतलेली आणि वैयक्तिक कर्जं. मग गाडी. गृहकर्ज सर्वांत शेवटी.

सावधान: राखीव निधी गृहकर्जात भरून "कर्ज कमी केलं" असं समाधान मानू नका. भरलेले पैसे परत हातात येत नाहीत आणि पुढचा हप्ता महिनाभरात येतोच. आधी निधी पूर्ण करा, मग वरचे पैसे कर्जात भरा. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत नाही.

आता व्याजदराचा धक्का मोजा. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता सुमारे २६,०३५. दर साडेनऊ झाला तर हप्ता २७,९६४. पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर २४० ऐवजी साधारण ३०९ हप्ते भरावे लागतात, म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा अनेकांच्या नकळत हेच झालं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारायचं. विचारलं नसेल तर तुम्ही विचारा.

उलट बाजूही पाहा. २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांवर) असेल तर ही घट पूर्ण पोचली नसण्याची शक्यता मोठी. शाखेत जाऊन रेपोशी जोडलेल्या दरावर बदली मागा. थोडं शुल्क लागतं, पण ते काही महिन्यांत वसूल होतं.

नोकरी धोक्यात दिसतेय? मग वैयक्तिक कर्ज किंवा नवीन गाडी सहा महिने पुढे ढकला. आणि हप्ता चुकणार असं दिसलं की चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. चुकल्यावर बोलणी कठीण होतात.

## ७. गुंतवणूक आणि सोनं

तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरबाजारात नको. मुलीची पुढच्या वर्षीची फी, घराचं डाउन पेमेंट आत्ताच एफडीत वळवा. बाकीच्या एसआयपीला हात लावू नका. २३ मार्च २०२० ला शेअरबाजाराचा निर्देशांक निफ्टी ७,६०० च्या जवळ बंद झाला, जानेवारीत तो १२,००० च्या वर होता. त्या आठवड्यात घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान कायमचं झालं, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे बारा महिने काढण्याएवढी रोकड नव्हती. म्हणून वरचे टप्पे आधी.

सोनं एकूण बचतीच्या १०-१५ टक्क्यांपर्यंत ठीक. दागिना ही गुंतवणूक धरू नका: मजुरी आणि ३ टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही. घ्यायचंच तर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) पाहून, पक्क्या बिलावर. ॲपवरचं "डिजिटल गोल्ड" शेअरबाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियंत्रणाखाली नाही, हे सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे.

घरातल्या सोन्याचा खरा उपयोग तारणासाठी होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. बिलं आणि दागिन्यांचे फोटो जपून ठेवा.

## ८. स्वयंपाकघर आणि औषधं

साठेबाजी नको, सहा आठवड्यांचा साठा पुरे. चार माणसांना गहू २० किलो, तांदूळ १० किलो, तूरडाळ ४ ते ५ किलो, तेल ५ ते ६ लिटर. तेलाचा मुद्दा खरा आहे, कारण आपलं अर्ध्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात साडेतीन आठवडे थांबवली, तेवढ्यानेही बाजार हलला. तरी १५ लिटरचा डबा लहान कुटुंबाने घेऊ नये. फोडल्यावर दोन-तीन महिने रेंगाळलं की तेल खवट होतं. पावसाळ्यात पिठाचा साठा करू नका. गहू ऊन दाखवून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरा, नाहीतर आत घाम धरतो आणि पोरकिडे होतात.

स्वयंपाकाचा गॅसही मोठ्या प्रमाणात आखातातून येतो. एकच सिलिंडर असेल तर दुसऱ्यासाठी अर्ज करा आणि एक इंडक्शन शेगडी ठेवा. तिला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, साध्या ६ अँपिअरच्या बोर्डावर लावू नका. पेट्रोल मात्र घरात साठवायचं नाही.

रक्तदाब, साखर, थायरॉइडच्या गोळ्या ४५ दिवसांच्या, मुदत पाहून. इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला लागून नाही.

## ९. कुणी परदेशात असेल तर

मुलं शिकायला बाहेर असतील तर फी आणि राहण्याचा खर्च डॉलर किंवा युरोत लिहा आणि सध्याच्या दरापेक्षा ८ ते १० टक्के जास्त दराने रुपयांत मांडा. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपये ओलांडले. कर्ज रुपयांत मंजूर असतं, त्यामुळे शेवटच्या सत्राला ते अपुरं पडतं. सगळी रक्कम एका दिवशी पाठवण्यापेक्षा तीन-चार हप्त्यांत पाठवा. आर्थिक वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना आगाऊ घेतला जाणारा कर) लागतो, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवल्यास नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्रातून परत मिळतो, म्हणून जो नियमित विवरणपत्र भरतो त्याच्याच पॅनवरून पाठवा. आजोबांच्या खात्यातून पाठवून मग परताव्यासाठी धावपळ करणारी घरं कमी नाहीत.

रत्नागिरी-रायगडपासून गोव्यापर्यंत अनेक घरं आखातातल्या पगारावर चालतात. तिथल्या माणसाच्या पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीच्या विमानभाड्याएवढी रक्कम तिथल्याच खात्यात हवी आणि पासपोर्ट-व्हिसा-करारपत्राच्या प्रती इथल्या घरी हव्यात. गावचं घर बांधायला काढलं असेल तर पुढचा मजला वर्षभर थांबवा. अर्धवट स्लॅबमध्ये अडकलेला पैसा कुठल्याच उपयोगाचा नसतो.

## १०. कागदपत्रं आणि एक रंगीत तालीम

नोकरदारांनी हे आज करावं: पगारपत्रकं, फॉर्म १६, नियुक्तीपत्र, मूल्यमापनाची पत्रं स्वतःच्या ईमेलवर उतरवून घ्या. कपातीच्या दिवशी लॉगिन दुपारपर्यंत बंद होतं. कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र घेऊ नका, तो वेगळाच गुन्हा ठरू शकतो. पीएफमध्ये आधार, पॅन आणि खात्यावरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे का पाहा. जुन्या कंपनीने तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते.

एका फाइलमध्ये विमा पॉलिसी, एफडीच्या पावत्या, कर्जाची कागदपत्रं, सोन्याची बिलं, मृत्युपत्र. पहिल्या पानावर सगळ्यांची यादी, पासवर्ड नाहीत.

मग एखाद्या रविवारी तालीम करा. घरात जो पैशांचं बघतो त्याने गप्प बसायचं. दुसऱ्याने अर्ध्या तासात चार कामं करायची: दुसऱ्या बँकेतून ५०० रुपये पाठवणं, आरोग्य विम्याचा क्रमांक आणि कॅशलेस रुग्णालय शोधणं, पुढच्या हप्त्याची तारीख आणि खातं सांगणं, एक एफडी ऑनलाइन मोडण्याच्या शेवटच्या बटणापर्यंत जाऊन परत येणं. जिथे अडेल तिथली नोंद फाइलच्या पहिल्या पानामागे करा आणि सहा महिन्यांनी तीच तालीम माणसं बदलून घ्या.